पैनगंगेच्या काठी बाग करायची असेल तर

माझं माहेर हदगाव. बँकेच्या नोकरीत बदल्या होत गेल्या; काही वर्षं कराडला काढली, नंतरची बरीच नांदेडला. निवृत्त झाल्यावर पुन्हा हदगावला आले. सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे चहाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामाचं काहीतरी नीट, टिकाऊ स्मारक नदीच्या काठी व्हावं, त्याभोवती बाग व्हावी, लेकरांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना टेकायला जागा मिळावी, असं सगळ्यांना वाटतं. कराडचा प्रीतिसंगम मी जवळून पाहिलेला, म्हणून विचारणा माझ्याकडे येते, "ताई, त्यांनी तिथं कसं केलंय?" तोंडी सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून लिहून काढते आहे. कराड वेगळं आणि हदगाव वेगळं, हे मला माहीत आहे. तिथे ऊस आणि बारमाही पाणी, इथे सोयाबीन, हळद आणि पावसाकडे लागलेले डोळे. पण संध्याकाळी माणसं पाण्याकडे का जातात, याचं उत्तर दोन्हीकडे एकच असावं असं मला वाटत आलं आहे.

१. पुण्यतिथी सोडून बाकीचे दिवस पाहावेत

यशवंतराव चव्हाण २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत गेले. अंत्यसंस्कार कराडला झाले, कृष्णा आणि कोयना मिळतात त्या प्रीतिसंगमावर. तिथेच त्यांची समाधी आहे आणि तिच्याभोवती नगरपरिषदेची बाग. दर २५ नोव्हेंबरला सगळ्या पक्षांचे पुढारी तिथे येतात, गाड्यांची रांग लागते, हारांचा ढीग पडतो. त्या दिवशी कुठलंही स्मारक जिवंत वाटेल. मी प्रीतिसंगम ओळखते तो आडदिवसाचा. उजाडायच्या आत फिरायला आलेली माणसं चालता चालता समाधीसमोर थांबतात, चप्पल बाजूला काढून हात जोडतात आणि पुढची फेरी धरतात. स्पर्धा परीक्षेची मुलं झाडाखाली पुस्तक उघडून बसतात. बाजाराला आलेल्या बायका दुपारी सावलीत डबा सोडतात. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर अख्खं गाव असतं.

यातले बहुतेक जण यशवंतरावांविषयी एक शब्दही बोलत नाहीत. पण एखादं लेकरू विचारतंच, "हे कोण?" आणि आजोबा सांगतात, "आपल्याच गावात शिकले, महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले." आजोबांनी एवढंच सांगितलं तरी पुरे. बाग रोज भरते म्हणून हा प्रश्न रोज विचारला जातो. कुलूप लावलेल्या, वर्षातून एकदा धुतलेल्या चौथऱ्यासमोर तो कोणी विचारत नाही.

नांदेडला याचंच दुसरं उदाहरण आहे. मुक्तिसंग्राम दिनाचं, १७ सप्टेंबरचं मुख्य ध्वजारोहण माता गुजरीजी विसावा उद्यानात होतं, तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी. बागेतच स्मारक असल्यामुळे एरवीही लेकरं, बाया, निवृत्त माणसं त्याच्या आजूबाजूला असतात. स्मारकाला शेजार आहे. तो शेजार आधी उभा करावा, मग दगड उभा करावा, असं माझं मत झालं आहे.

२. जागेला कारण हवं

यशवंतरावांची समाधी संगमावर का, हे कराडकरांना समजावून सांगावं लागत नाही. १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे गावी जन्म, शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात, चळवळीत पडले तेही तिथूनच. आत्मचरित्र लिहिलं तर त्याला नावही 'कृष्णाकाठ' दिलं. कृष्णा आणि कोयना दोघींचा उगम महाबळेश्वरी. दोघी वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि कराडला समोरासमोर येऊन मिळतात. ज्या माणसाचं आयुष्य त्या पाण्याच्या बाजूनं गेलं त्याची आठवण त्या पाण्यापाशी ठेवली. मराठवाड्यातल्या माणसालाही तिथे परकं वाटायचं कारण नाही. १९५६ साली आपण हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आलो तेव्हा मुख्यमंत्री तेच होते, आणि मराठवाड्याचं पहिलं विद्यापीठ १९५८ मध्ये औरंगाबादला निघालं ते त्यांच्याच कारकिर्दीत. समाधीपुढे उभी राहिले की मला हे आठवायचं.

मग हदगावकरांचं पाणी कोणतं? माझ्या मनात याबद्दल शंका नाही. पैनगंगा.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आपण निजामाच्या राज्यातच राहिलो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज संस्थानात शिरली, म्हणजे पोलिस ॲक्शन झाली, आणि १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. मधले तेरा महिने पैनगंगा ही दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे हदगाव, निजामाचं. पलीकडे उमरखेड, मध्यप्रांत-वऱ्हाडातलं, म्हणजे स्वतंत्र भारतातलं. निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे सीमेवरचे कॅम्प होते, त्यांतला एक उमरखेडला होता. निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा जाच वाढला की माणसं नदी उतरून पलीकडे जात, आणि लढणारी माणसं रात्री त्याच नदीतून अलीकडे येत.

आजीच्या माहेरची माणसं त्या उन्हाळ्यात, पाणी आटल्यावर, बैलगाडीनं पलीकडे गेली. खडखडाट होऊ नये म्हणून गाडीच्या चाकांना चिंध्या गुंडाळल्या होत्या आणि बैलांच्या गळ्यातली घुंगरं काढून घेतली होती. पुढे पावसाळा लागला, नदी भरली, परतायची वाट बंद झाली. पोलिस ॲक्शन झाल्यावरच ती घरी आली. आजी एवढंच म्हणायची, "गंगा उतरली की जीव आपला." मला वाटतं, महाराष्ट्रात नदीकाठी स्मारक करायला इतकं सरळ कारण फार थोड्या गावांकडे असेल. इथे नदी हीच त्या लढ्याची साक्षीदार आहे.

मराठवाड्यात इतरत्रही आठवण जिथली तिथे आहे. मुक्तिसंग्रामातले गोविंदराव पानसरे १९४६ मध्ये बिलोली तालुक्यात अर्जापूरला मारले गेले, तर अर्जापूरच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. आपल्या शेजारी हिमायतनगरला हुतात्मा जयवंतराव पाटलांच्या नावाचं महाविद्यालय आहे. नावं आहेत. नदीकाठची जागा तेवढी अजून मोकळी आहे.

३. चालत पोहोचता आलं पाहिजे

इथे अडचण आहे आणि ती झाकण्यात अर्थ नाही. प्रीतिसंगम कराडच्या अंगाला लागून आहे. पेठेतून माणूस बोलत बोलत घाटावर पोहोचतो. आपल्याला पैनगंगा गाठायची तर उमरखेडच्या रस्त्याला लागावं लागतं. गाडी काढूनच जावं लागेल अशी बाग रविवारची होते. रोजची होत नाही. म्हाताऱ्या माणसाला, शाळकरी पोरीला, कामावरून दमून आलेल्या बाईला ती मिळतच नाही.

म्हणून माझं मत असं की दोन जागा कराव्यात. पैनगंगेच्या उतारापाशी मोठं बांधकाम काही नको. सावलीचं एक झाड, दगडी पार, तेरा महिन्यांची हकिगत सांगणारा फलक आणि एसटी थांबेल असा थांबा, एवढं बस. नदीकाठच्या गावातल्या ग्रामपंचायतीनं ते आपलं मानलं तर ते टिकेल. आणि रोजची बाग हदगावात, वस्तीला लागून, पाणी आणि झाड जिथे असेल तिथे. दोन्हींना एकच नाव द्यावं. शाळेची सहल बागेतून निघावी आणि नदीवर संपावी.

४. नदीची हद्द नदीला सोडावी

कृष्णेच्या पुरात प्रीतिसंगमाची बाग पाण्याखाली जाते. २००५ चा पूर आणि ऑगस्ट २०१९ चा पूर कराड विसरलेलं नाही. वर कोयना धरण, साठवण एकशे पाच टीएमसीची; धरणातून पाणी सोडलं आणि वरून पाऊसही असला की संगमावर पाण्याला जायला जागा उरत नाही. पाणी उतरल्यावर बाग बघायला मिळाली तर जरूर बघावी. सगळीकडे गाळ असतो. गुडघाभर चिखलात दिव्यांचे खांब वाकलेले, खेळण्यांना प्लास्टिक आणि काटक्या अडकलेल्या. घाटाच्या दगडी पायऱ्या मात्र पाण्यानं धुऊन निघाल्यासारख्या जागच्या जागी. ज्यांनी घाट बांधले त्यांना नदी येणार हे गृहीत होतं.

आपल्याकडे हिंगोलीकडून येणारी कयाधू पुढे पैनगंगेला मिळते, आणि पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. वर जोराचा पाऊस झाला आणि दारं उघडली की काठची शेतं पाण्यात जातात, हे आपल्या तालुक्यात कोणाला सांगायला नको. पाटबंधारे खातं नदीच्या दोन पूररेषा आखतं. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. बाग, मैदान, शेती असा मोकळा वापर चालतो. कोणी नकाशा घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारावा, की यात निळी रेषा कुठे आहे. ती नकाशात नसेल तर चर्चा तिथेच थांबवावी. नदीचं पात्र अरुंद करणारी भिंत स्मारकाच्या नावानं बांधली तर तो पूर समोरच्या काठच्या शेतकऱ्याच्या उभ्या पिकात घुसतो. त्या शेतकऱ्याचा आजोबाही त्या तेरा महिन्यांत आपल्या माणसांना भाकरी देणारा असू शकतो.

दुसरं, आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट गट्टू बसवले की दुसऱ्या पावसाळ्यात रस्ता वरखाली होतो. खाली खोदून मुरमाचा थर द्यावा, नाहीतर सरळ दाबलेल्या मुरमाची पायवाट ठेवावी. पायवाटेला खर्च कमी येतो, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांना ती बरी पडते आणि उखडली तर गावातला माणूस ती दुरुस्त करू शकतो.

झाडं काठावरचीच लावावीत. करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर यांची मुळं माती धरतात आणि चार दिवस पाण्यात राहिली तरी ती जगतात. वरच्या बाजूला कडुनिंब आणि चिंच. उद्घाटनाला हिरवळ दिसावी म्हणून आणलेला लॉन आपल्या एप्रिल-मेत टँकरचं पाणी पितो, आणि ज्या गावात नळ रोज येत नाही तिथे ते बघवत नाही.

५. बाई एकटी बसू शकते का, हे पाहावं

बाग चांगली झाली की नाही हे ओळखायची माझी एकच खूण आहे. दिवेलागणीनंतर तिथे एखादी बाई सोबत कोणी नसताना निवांत बसलेली दिसते का? कराडला बँकेतून सुटल्यावर मी घाटावर जाऊन बसत असे. माझ्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं, कारण माझ्यासारख्या तिथे अनेक होत्या. नव्या गावात एकट्यानं राहणाऱ्या बाईला अशी जागा मिळणं म्हणजे काय, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. त्या काठामुळे ते गाव मला आपलं वाटलं.

याच्या उलटही पाहिलं आहे. एका शहरातल्या मोठ्या, खर्चिक बागेत बायकांच्या स्वच्छतागृहाला कायम कुलूप असायचं, किल्ली कोणाकडे ते कोणालाच ठाऊक नसायचं. संध्याकाळी सातनंतर त्या बागेत फक्त पुरुष दिसायचे. बायकांना बागेची आवड नाही असा अर्थ त्यावरून काढणारेही भेटले. बायका घरून पाणी न पिता निघत आणि अर्ध्या तासात परतत, हे कोणी त्यांना विचारलंच नव्हतं.

म्हणून यादीत मी हे सगळ्यात वर लिहिते. उघडं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह. झाडांच्या फांद्यांखाली येतील असे बुटके दिवे, कारण उंच खांबावरचा दिवा झाडाच्या शेंड्याला उजेड देतो आणि बाकाखाली अंधार ठेवतो. बाकं अशी की चार जणींना समोरासमोर बसून बोलता येईल. एका रांगेत, नाटकाच्या थिएटरसारखी मांडलेली बाकं गप्पांच्या उपयोगाची नाहीत. बचत गटाच्या बायकांना महिन्याच्या बैठकीला कोणाच्या तरी ओसरीवर दाटीवाटीनं बसावं लागतं. त्यांना बागेत एक पार ठरवून दिला तर त्या दिवशी तरी बाग भरलेली राहील, आणि जिथे त्या बसतात तिथे त्यांच्या मुलीही येऊ लागतात. गावातल्या बायकांना आराखड्याच्या बैठकीला बोलवावं आणि आधी त्यांना बोलू द्यावं. सरपंच, नगरसेवक, इंजिनियर नंतर बोलले तरी चालतं.

६. आधीपासून येणाऱ्यांना उठवू नये

नदीचा काठ मोकळा पडलेला कधीच नसतो. कोणी दहाव्याचा विधी करायला येतं, कोणी गोधड्या धुवायला, भोई जाळी वाळत घालतात, गुराखी दुपारी जनावरं पाण्यावर आणतात. पोळ्याला बैल धुवायचे असतात, गणपती आणि देवी बोळवायच्या असतात. बाग झाली की सुशोभीकरणाच्या नावाखाली आधी यांनाच हाकलतात. मग आतले लोक म्हणतात, जागा छान झाली, आणि बाहेरचे म्हणतात, जागा गेली.

नांदेडच्या गोदावरीचे घाट या बाबतीत पाहण्यासारखे आहेत. २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं शहराचा आणि घाटांचा मोठा कायापालट झाला. त्याच काठावर नगीनाघाट आणि बंदाघाट आहेत, दहाव्या गुरूंच्या नांदेडच्या वास्तव्याशी जोडलेले. तिथे पंजाबातून आलेली संगत माथा टेकते. त्याच बंदाघाटावर दिवाळीत पहाटे गाण्याचा कार्यक्रम होतो. थंडीत शाली गुंडाळून शहर पायऱ्यांवर बसतं आणि नदीवर उजाडतं. शीख भाविक, किराणा दुकानदार, महाविद्यालयातली मुलं, सगळे एकाच पायरीवर. एवढ्या निरनिराळ्या माणसांना एकच काठ पुरला याचं मला फार अप्रूप आहे.

आपल्याला करायचं तर विधीसाठी वेगळा ओटा, जनावरांसाठी वेगळा उतार आणि धुण्यासाठी दगड, हे नकाशात आधीच आखून घ्यावं. निर्माल्याला कुंड ठेवावं. मग भांडणं निम्मी होतात.

७. आधी नाला

गटाराचं पाणी जिथे नदीत पडतं त्याच्या शेजारी कितीही देखणी बाग करा, वास येतो म्हणून माणूस बसत नाही. पैसा थोडा असेल तर तो आधी नाल्यावर घालावा. याबद्दल मला आणखी काही म्हणायचं नाही.

८. झाडू कोण मारणार, हे आधी लिहून घ्यावं

२०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिलं आलं. ते वाचून मला नवल वाटलं नाही. मी तिथे होते तेव्हाही पहाटे बागेत माझ्या आधी सफाई कामगार आलेल्या असायच्या. आमची ओळख झाली ती रोज एकमेकींना "झालं का चहा-पाणी?" विचारून. प्रीतिसंगम टिकला त्यात त्या बायकांचा वाटा मोठा आहे, आणि कुठल्याही पाटीवर त्यांचा उल्लेख नसतो याचं मला वाईट वाटतं.

स्मारक बांधायला पैसा एकदाच लागतो आणि तो कुठून ना कुठून येतो. आमदार निधी येतो, जिल्हा नियोजनातून येतो. दरमहा लागणारा पैसा कोणी देत नाही. बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधायचं ठरलं आणि ती गावोगावी उभी राहिली. कल्पना मोठ्या मनाची होती. त्यातली ज्या गावांनी वाचनालयाला, अभ्यासिकेला, बालवाडीला दिली ती वापरात राहिली. बाकीच्यांचे दरवाजे वाळवीनं खाल्ले. मी बँकेतली असल्यामुळे मला हिशेबाची भाषा येते. बांधकामाच्या रकमेतला काही हिस्सा बाजूला काढून मुदत ठेवीत टाकावा आणि व्याजातून दोन माणसांचा पगार, विजेचं बिल आणि झाडांचं पाणी भागेल का हे पाहावं. भागत नसेल तर बांधकाम लहान करावं, पगार कमी करू नये.

९. खाणं असावं

भेळेशिवाय प्रीतिसंगमाची संध्याकाळ पुरी होत नाही. गाडीवाले बागेच्या दाराशी असतात, त्यांच्या दिव्यांनी रस्त्याला उजेड असतो आणि रात्री नऊ वाजता एखादी मुलगी उशिरा घरी निघाली तर तिला ओळखणारं कोणीतरी तिथे उभं असतं. त्यांना अतिक्रमण म्हणून उठवणं सोपं आहे. त्यांना ठरावीक जागा, पाणी आणि कचऱ्याचे दोन डबे द्यावेत.

आणि आपल्या तालुक्याला जेवणाच्या पंगतीचं महत्त्व बाहेरून शिकायची गरज नाही. तामस्याला बारालिंगाच्या देवळात संक्रांत झाली की भाजी-भाकरीची पंगत बसते. शेतात जी निघेल ती सगळी भाजी एका कढईत, भाकरी गावागावांतून घराघरातून आलेल्या. कोणाची भाकरी कोणाच्या ताटात पडली हे कळत नाही, विचारलंही जात नाही. १७ सप्टेंबरला सकाळी झेंडावंदन झालं की खुर्च्या उचलल्या जातात आणि माणसं पांगतात. त्या दिवशी बागेत अशीच भाजी-भाकरी झाली तर? पलीकडच्या उमरखेडकरांनाही बोलावणं धाडावं. तेरा महिने त्यांनी आपल्या माणसांना जेवू घातलं, ते ऋण अजून फिटलेलं नाही.

१०. पाटीवर नुसती नावं नकोत

संगमरवरावर नावांची रांग असली की लेकरू ती वाचत नाही. नावाखाली गाव लिहावं, वय लिहावं, आणि दोन ओळींत काय झालं ते लिहावं, चौथीतल्या मुलाला कळेल अशा मराठीत. पुढाऱ्यांचीही नावं असावीत, स्वामी रामानंद तीर्थांचं तर असावंच, पण त्यांच्याइतकीच मोठी अक्षरं त्या माणसासाठी वापरावीत ज्यानं नावेतून निरोप पोचवला किंवा घरात माणूस लपवला. बायकांची नावं शोधून काढावी लागतील. कागदावर ती सहसा नसतात.

कराडला बागेतून बाहेर पडून 'विरंगुळा'कडे जाता येतं, यशवंतरावांच्या घराकडे. त्यांच्या पत्नीच्या नावानं उभ्या असलेल्या वेणूताई चव्हाण स्मारकात त्यांच्या वस्तू आणि ग्रंथसंग्रह आहे. ज्याला समाधीपाशी कुतूहल वाटलं त्याला पुढे जायला वाट आहे. आपल्याकडे एक खोली करावी, त्यात मुक्तिसंग्रामावरची पुस्तकं, जुने उर्दू दाखले, खासरापत्रकं, फोटो ठेवावेत. उर्दू वाचता येणारी जुनी माणसं गावात अजून आहेत. ती नकला करून देतील. आपल्या लढ्यात निजामाच्या विरुद्ध उभे राहिलेले मुसलमानही होते, शोएबुल्लाखान नावाच्या संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी मारलं, हे त्या खोलीत ठळक लिहावं. गावातल्या सगळ्या मुलांना त्या खोलीत मोकळेपणानं पाय टाकता आला पाहिजे.

११. म्हाताऱ्यांना आज विचारावं

बागेला निधी यायला वेळ लागेल. जागेचा वाद होईल, आराखडा बदलेल. या कामाला मात्र कोणाची मंजुरी लागत नाही. १९४८ साली जी मुलं दहा-बारा वर्षांची होती ती आज नव्वदीच्या आसपास आहेत. मोबाइल घेऊन त्यांच्या घरी जावं, सकाळच्या वेळी, चहा झाल्यावर. सून किंवा लेक शेजारी बसलेली असावी, म्हणजे राहिलेलं ती आठवण करून देते.

"तुम्ही काय सोसलं?" असं विचारलं की माणूस गप्प होतो किंवा भाषण करतो. बारीक विचारावं. नदी कोणत्या उतारानं ओलांडली, तिथे कोणतं झाड होतं? तेव्हा पाणी किती होतं, गुडघ्याला की गळ्याला? नाव कोणाची होती? गुरं बरोबर नेली का मागं सोडली, आणि मागं सोडली तर ती कोणी पाळली? पलीकडे पहिली भाकरी कोणाच्या घरी मिळाली, कशाबरोबर? घरी परत आल्यावर दार उघडं होतं की कुलूप तसंच? त्या वेळी घरात तान्हं कोण होतं, त्याचं नाव काय, आणि ते आता कुठे असतं?